मिठाच्या गोदामातला दुसरा खून

मंगलागौरी, वाराणसी
६ ऑक्टोबर २०२५

चि. निमिष यास,
अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिलं गेलं. पुढचं वाचून झाल्यावर ते घ्यायचे की नाही ते तू ठरव.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि मेसेजवर नीट रागावता येत नाही, तिथे शेवटी पिवळी तोंडं पाठवावी लागतात. म्हणून पत्र. उत्तरही पत्रानेच हवं.

शेजारची बकुळ पुण्याला माहेरी गेली होती. माझ्याकडे दोन वर्षं फ्रेंच शिकलेली, त्यामुळे परत येताना माझ्यासाठी प्रेमाने एक पुस्तक घेऊन आली. "आत्या, बघा तर, तुमचा फ्रेंच डिटेक्टिव!" नाव 'मिठाच्या गोदामातला खून'. मूळ लेखक एतिएन वालब्रा. खाली ठसठशीत अक्षरांत: मूळ फ्रेंचमधून अनुवाद, विश्वजीत कानडे. प्रकाशन तेच, जिथे तू सहसंपादक म्हणून बसतोस.

मी ते दारातच उभ्याने वाचायला लागले. पहिलं पान माझं. दुसरं पान माझं. मधे मधे कुणीतरी शब्दांना इस्त्री फिरवलेली, पण अंगातला सदरा माझाच. निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून मी हे पुस्तक मराठीत आणलं. सात वह्या. दोन वर्षांपूर्वी त्या तू तुझ्या बॅगेत घालून नेल्यास. "आत्या, मी टाइप करतो, पुढच्या वर्षी पुस्तक." मग काय झालं? कधी "काम साचलंय", कधी "विचार चालू आहे". मी विचारायचंही सोडून दिलं होतं, भाच्याला किती टोचायचं म्हणून.

आता विचारते. माझ्या वह्या कानड्यांच्या हातात कशा गेल्या?

"योगायोग असेल" असं लिहिण्याआधी एक लक्षात ठेव. या छापील पुस्तकात एक जागा अशी आहे, जी वालब्राच्या फ्रेंचमध्ये नाहीच. ती फक्त माझ्या वहीत आहे. कोणती ते मी सांगत नाही.

तुझी आत्या


पुणे
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र वाचून खूप वाईट वाटलं. तुझा राग मी समजू शकतो, पण आत्या, तू साप साप म्हणून भुई धोपटते आहेस. कानडे सर आमचे मुख्य संपादक, पंचवीस वर्षं या क्षेत्रात आहेत. त्यांना फ्रेंच येतं. वालब्रा काही अनोळखी लेखक नाही. एका पुस्तकाचे दोन माणसांनी दोन अनुवाद करू नयेत असा कायदा आहे का? गोष्टीतल्या त्या पोलीस अधिकाऱ्याच्या वाक्याचं मराठी दोघंही "कोमिसेरने टोपी काढली" असंच करणार ना!

तुझ्या वह्या माझ्या कपाटात सुरक्षित आहेत. खरं सांगायचं तर माझं टायपिंगच तिसऱ्या वहीपाशी अडलंय, पुढच्या वह्या मी उघडल्यासुद्धा नाहीत. तुझी माफी मागायची असेल तर ती या आळशीपणाबद्दल मागतो. ज्या वह्या मी दाखवल्याच नाहीत त्या सर कुठून वाचणार?

आणि तू म्हणतेस ती जागा. कोमिसेरच्या आंघोळीबद्दल म्हणत असशील, तर ती त्या पुस्तकावरच्या सिनेमात आहे म्हणे. सरांनी तिथून घेतली असेल.

दिवाळीला यायचं जमत नाहीये. आई बरी आहे, तुझी भाचेसून तेजश्री नमस्कार सांगते. तू तब्येतीला जप, बीपीची गोळी चुकवू नकोस.

तुझा
निमिष


मंगलागौरी
१८ ऑक्टोबर २०२५

निमिष,

खाई त्याला खवखवे.

मी आंघोळीचं नाव काढलं होतं? माझ्या पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे, तीनदा वाचली. "एक जागा" एवढंच लिहिलंय. साडेतीनशे पानांतून तू बरोबर त्या चार ओळींवर येऊन उभा राहिलास. आणि त्या ओळी आहेत पाचव्या वहीत. जी तू उघडलीही नाहीस.

शिवाय तुला फ्रेंच येत नाही. आंघोळ माझ्या वहीत आहे हे तुला वहीवरून कळेल, पण मूळ पुस्तकात ती नाही हे कसं कळलं? कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि तुला विचारलं, की हे कुठून आलं बुवा. हो ना?

आता ती आंघोळ ऐक. कोमिसेर लूवेल, फ्रेंच पोलिसांतला तपास अधिकारी, शवागारातून निघतो, पावसात चालत खानावळीत येतो आणि ओला कोटही न काढता कांद्याचं सूप मागवतो. वालब्राने दोन वाक्यांत उरकलंय. मी तिथे तीन आठवडे अडले. माझे बाबा, तुझे आजोबा, शिंदे घाटावर पौरोहित्य करायचे. मणिकर्णिकेहून आलेला माणूस आमच्या घरात स्नान केल्याशिवाय पाण्याच्या माठाला हात लावत नसे. लहानपणी मी बाबांसाठी पाण्याची बादली दाराबाहेर नेऊन ठेवायचे. आणि हा लूवेल प्रेताला हात लावून आला आणि बसला सूप ओरपायला! पेन पुढे जाईना. शेवटी मी खानावळवालीला दोन बादल्या गरम पाणी आणायला लावलं, त्याला आंघोळ घातली, कोरडा शर्ट दिला, आणि मग सूप.

मला ठाऊक होतं की हे चूक आहे. मरण ज्याला रोजचं झालंय असा माणूस लेखकाला दाखवायचा होता, आणि मी त्याला सोवळ्यात बसवला. भाषांतर करणाऱ्याचा हा गुन्हाच. शेवटच्या वाचनात त्या ओळी काढणार होते. म्हणजे गुन्हा माझा, आणि खाली सही कानड्यांची.

राहिला सिनेमा. विद्यापीठातल्या आमच्या फ्रेंच विभागात ८३ साली त्याची रिळं आली होती, मी तो तीनदा पाहिलाय. लूवेल त्यात टोपीसुद्धा काढत नाही. टोपीवरचं पाणी सूपात गळत राहतं आणि दिग्दर्शक ते मिनिटभर आपल्याला बघायला लावतो. तेव्हा सिनेमाची थाप मला मारू नकोस.

मी वर्गात एकतीस वर्षं सांगत आले, की इतरांच्या डिटेक्टिव कथेत "कोणी" हा प्रश्न असतो, फ्रेंच लेखकाला "का" हवं असतं. लूवेलला खुनी दुसऱ्याच दिवशी ठाऊक असतो. उरलेलं पुस्तकभर तो त्याच्यासमोर नुसता बसून राहतो, समोरचा स्वतः बोलेपर्यंत. मी बसलेय. घरात दिवाळीची साफसफाई चाललीय, धुळीने शिंका येतायत, पण मी बसलेय.

आत्या


पुणे
३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,

दिवाळीत चार वेळा लिहायला बसलो आणि फाडलं. आता जे आहे ते लिहितो.

वह्या मी सरांना दाखवल्या. गेल्या वर्षी फेब्रुवारीत. अगदी चांगल्या हेतूने, तुझं पुस्तक व्हावं म्हणून. त्यांनी आठवडाभरात वाचून काढल्या. म्हणाले, गोष्ट जबरदस्त आहे, पण भाषा बनारसी आहे. अलमारी, तरकारी, पन्ना. हमाल तर निम्मं हिंदीच बोलतात. म्हणाले, पुण्यात लोक हसतील, हे सगळं नव्याने लिहावं लागेल. आणि अनोळखी नावावर पुस्तक चालत नाही. मग म्हणाले, एवढं मी लिहिणार तर नाव माझंच लागेल ना?

मी गप्प राहिलो. आत्या, मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. मे महिन्यात कायम झालो. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं मी स्वतःला सांगत आलो.

आणि खरं सांगू? मलाही आपल्या मराठीची लाज वाटत होती. इथे आलो तेव्हा हॉस्टेलवर मी "तरकारी" म्हटलं की पोरं हसायची. मी सहा महिने कमी बोललो. सर जेव्हा म्हणाले की भाषा साफ करू, तेव्हा मला वाटलं की ते तुझ्यावर उपकारच करतायत.

आंघोळीचं तू बरोबर ओळखलंस. सरांनी मूळ पुस्तकाशी ताडून पाहिलं तेव्हा ती जागा सापडली, पण आवडली म्हणून ठेवली. पुस्तकाला एका संस्थेचा अनुवाद पुरस्कार जाहीर झालाय, ११ जानेवारीला समारंभ आहे. परीक्षकांनी नेमक्या त्याच प्रसंगाचं कौतुक केलंय.

मी सरांशी बोलतो. दुसऱ्या आवृत्तीत आभारात तुझं नाव नक्की घालतील. थोडा धीर धर.

निमिष


मंगलागौरी
८ नोव्हेंबर २०२५

निमिष,

आभारात! माझ्याच घरात मला ओसरीवर जागा देतोस?

पण आधी तरकारीचं बोलू. अडीचशे वर्षं आपली माणसं इथे राहिली, इथेच जन्मली, इथेच जळली. घरात मराठी टिकवली ती कुणाच्या सांगण्यावरून नाही. आता तिला गंगेचं पाणी लागलं तर लागणारच. तू बारावीपर्यंत याच तरकारीवर पोसलास, आणि पुण्यातल्या चार पोरांनी दात काढले म्हणून तुला त्याच ताटाची लाज वाटली.

आणि तुझ्या सरांना एवढं फ्रेंच येतं, तर वालब्राचे हमाल कसे बोलतात ते त्यांना ऐकू आलं नाही? ते बंदरावरची रांगडी बोली बोलतात. फ्रेंच गुन्हेगारी कादंबरीने शहाण्यासुरत्या भाषेला गल्लीत ओढून आणलं, म्हणून तर ती वाचायची! मी माझ्या हमालांना घाटावरच्या नाववाल्यांची भाषा दिली होती. कानड्यांनी त्यांना सदाशिव पेठेत नेऊन शाळामास्तर केलं. खून करताना माणूस "कृपया बाजूला सरा" म्हणतो, पान एकशे बारा. वाच. लाज वाटायचीच असेल तर त्याची वाटू दे.

मला आभार नकोत, ओळ नको, कोपरा नको. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझं नाव हवं आहे, "अनुवाद: अंबिका मुळे", आणि वह्यांमध्ये आहे ती भाषा हवी आहे. एवढंच. माझं वय एकाहत्तर. मूल नाही, नवरा नाही, दुसरं पुस्तक होणार नाही. जगात माझ्या नावाची एक वस्तू राहणार होती, ती ही.

कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीची गर्दी कालच ओसरली, आज पोस्टात जाता आलं. हे पत्र टाकतानाच दुसरं एक कानड्यांना टाकतेय. शिव्या दिलेल्या नाहीत. एवढंच विचारलंय, की काशीच्या अंबिका मुळे यांच्या वह्यांशी या पुस्तकाचा काय संबंध आहे. सही नेहमीची, बँकेत करते ती: अ. के. मुळे. बघू काय म्हणतात.

आत्या


पुणे
२० नोव्हेंबर २०२५

श्री. अ. के. मुळे यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपण कै. अंबिकाताईंचे बंधू अथवा निकटचे आप्त असाल असे समजून प्रथम मनःपूर्वक सहवेदना व्यक्त करतो. ताईंच्या निधनाची वार्ता गेल्या वर्षी चि. निमिषकडून कळली तेव्हा फार हळहळ वाटली. काशीत देह ठेवण्याचे भाग्य त्यांना लाभले, हीच काय ती समाधानाची गोष्ट.

आपल्या प्रश्नाविषयी. ताईंच्या वह्या हा एक कच्चा खर्डा होता. त्यांची तळमळ वाखाणण्याजोगी, तथापि भाषा प्रकाशनयोग्य नव्हती. मी एकेक ओळ घासूनपुसून नव्याने लिहिली. त्यामुळे प्रस्तुत अनुवाद सर्वार्थाने माझाच आहे. ताई आज असत्या तर आपल्या श्रमांचे असे सोने झालेले पाहून त्यांना आनंदच झाला असता.

दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्या स्मृतीस एखादी ओळ वाहण्याचा विचार आहे. कुटुंबीयांची त्यास हरकत नसावी.

आपला
विश्वजीत कानडे


मंगलागौरी
२६ नोव्हेंबर २०२५

निमिष,

मी कधी वारले?

तारीख कळव. तिथी कळव, वर्षश्राद्ध चुकायला नको. आजार कोणता होता? फार हाल झाले, की झोपेत गेले? अग्नी कुणी दिला, तूच ना? मणिकर्णिका माझ्या दारापासून दहा मिनिटांवर, तिथवर नेलंस तरी का, की पुण्यातल्या खुर्चीत बसूनच उरकलंस? पितृपक्षात माझं पान वाढलं होतंस का रे? मी इथे तुझ्या बापाचं वाढत होते.

कानड्यांच्या पत्राची झेरॉक्स सोबत आहे. वाच. "ताई आज असत्या तर." मी ते वाचत होते तेव्हा समोर कुकरची दुसरी शिटी होत होती.

मला वाटलं होतं, माझ्या भाच्याने चोरी होऊ दिली. भेकडपणा केला. लूवेल असता तर म्हणाला असता, हा माणूस चोर नाही, घाबरट आहे, याला बसायला खुर्ची द्या. मीही मनात तुला खुर्ची दिली होती. तुझं ते हॉस्टेलचं वाचून मला वाईटसुद्धा वाटलं होतं, हे आज सांगते. आणि त्याच पत्रात तू मला सगळं सांगितल्याचा आव आणलास. सगळं सांगितलंस, फक्त मला मारून टाकलंस तेवढं राहिलं.

मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं, की या कथांमध्ये "का" कळलं की तपास पुरा होतो, शिक्षा हे न्यायाधीशाचं काम. खोटं शिकवलं. ज्याचा खून झालाय त्याला विचारून पाहा. मला "का" कळलंय, पूर्ण कळलंय, आणि माझा राग तसूभर कमी झालेला नाही. वालब्राच्या पुस्तकात मिठाच्या गोणींवर जी बाई मरून पडलेली असते, ती तीनशे पानांत एक शब्द बोलत नाही. सगळे तिच्याबद्दल बोलतात. मी तिच्या जागी पडून राहणार नाही.

मी जिवंत आहे हे तू कानड्यांना सांगायचंस. तूच. मी दहा डिसेंबरपर्यंत थांबते.

अंबिका मुळे


पुणे
५ डिसेंबर २०२५

आत्या,

तुला आत्या म्हणायचा हक्क उरलाय का, माहीत नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सर म्हणाले, मुळेबाईंची एक संमती घेऊन ठेव, पुढे कटकट नको. मी हो म्हटलं. संमतीचा कागद तुझ्यासमोर कसा ठेवणार होतो? "आत्या, तुझं नाव काढून टाकलंय, इथे सही कर" म्हणून? मी टाळत राहिलो. एक दिवस भर मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "अरे, बाई आहेत ना?" म्हणजे बनारसमध्ये आहेत ना, असं त्यांना विचारायचं असेल किंवा काहीही. मी म्हणालो, "नाहीत, गेल्या." दोन सेकंद लागले. सगळे उठून उभे राहिले, मला पाणी दिलं. मला दोन दिवसांची रजा मिळाली. मी ते दोन दिवस घरात बसून काढले आणि आईला सांगितलं की ऑफिसला सुट्टी आहे.

त्यानंतरही तुझे फोन यायचे. आवाज तुझाच, ठणठणीत, आणि मी "आत्या, तब्येत कशी" विचारायचो.

पण आता एकच विनंती. ११ जानेवारी होऊ दे. समारंभ आमचं प्रकाशनच बघतंय, पाहुणे ठरलेत, पत्रिका गेल्या. त्याआधी हे बाहेर पडलं तर सर माझ्यावर ढकलून मोकळे होतील, माझी नोकरी जाईल, आणि पुन्हा या क्षेत्रात मला कुणी उभं करणार नाही. आईला आणि तेजश्रीला यातलं काही माहीत नाही. समारंभ झाल्यावर मी स्वतः सरांना सांगतो. शपथ.

निमिष


मंगलागौरी
१२ डिसेंबर २०२५

श्री. विश्वजीत कानडे यांस,
स. न. वि. वि.

आपण माझ्या निधनाबद्दल पाठवलेले सांत्वनपत्र पोचले. आभारी आहे.

सोबत माझा हयातीचा दाखला जोडला आहे. आम्हा पेन्शनवाल्यांना तो दर नोव्हेंबरात बँकेत द्यावा लागतो. म्हाताऱ्या बोटांचा ठसा मशीनवर उमटेना, म्हणून बँकेतल्या ऋतुराज नावाच्या मुलाने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "माताजी, बस पलक झपकाइए." मी डोळे मिटले, उघडले. "हो गया. आप जीवित हैं." सरकारला तेवढं पुरलं. आपल्यालाही पुरावं.

आपण लिहिता की ओळ न् ओळ आपण नव्याने लिहिली. सातव्या प्रकरणात कोमिसेर शवागारातून येऊन आंघोळ करतो, ती आपण कुठून आणलीत? वालब्राच्या पुस्तकात ती नाही, हे आपण स्वतः पाहिलं आहे. ती माझी चूक आहे. आपण माझी चूक चोरलीत, आणि तिला आता बक्षीस मिळतंय.

माझ्या वह्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तारखा घातलेल्या, आपल्या कार्यालयात आहेत. त्यांच्या झेरॉक्स प्रती माझ्याकडे आहेत. त्या मी आपल्या प्रकाशनाच्या संचालिका मैत्रेयी बाईंकडे आजच रवाना केल्या.

मी वारल्याचं आपल्याला कुणी सांगितलं, याबद्दल मी या पत्रात काही लिहिलेलं नाही. त्या माणसाने ते स्वतः सांगायचं आहे.

अंबिका केशव मुळे

(निमिष, ही नक्कल तुला. समारंभानंतर नव्हे. समारंभात. आधी गुपचूप सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलंस तर ते तुझ्या माझ्यात नव्हे, त्यांच्या तुझ्यात मिटेल. मला दहा माणसांसमोर मारलंस, शंभर माणसांसमोर उठव.)


पुणे
१२ जानेवारी २०२६

आत्या,

काल झालं.

मैत्रेयी बाईंना तुझ्या झेरॉक्स मिळाल्या होत्या. त्यांनी सरांना विचारलं, सरांनी सांगितलं की वारसांची कुरबुर आहे, दाखला बनावट असेल, यूपीत काय वाट्टेल ते मिळतं. बाईंनी मला विचारलं नाही. मीही गेलो नाही. काल सकाळपर्यंत मी जाणार नव्हतोच, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मानपत्र वाचायचं काम माझ्याकडे होतं. मजकूर मीच लिहिलेला. वाचत वाचत त्या आंघोळीच्या परिच्छेदापाशी आलो. "अनुवादकाच्या संवेदनशीलतेचा हा परमोच्च बिंदू." शेवटच्या ओळीत नाव होतं. मी ते वाचलं नाही. मी वाचलं, "श्रीमती अंबिका केशव मुळे, मंगलागौरी, वाराणसी." लोकांना वाटलं की मी कागद चुकलो. कुणीतरी हसलंही. मग मी म्हणालो, कागद चुकलेला नाही, पुस्तकावरचं नाव चुकीचं आहे. या माझ्या आत्या. हे पुस्तक त्यांचं आहे. त्या गेल्या असं मी सांगितलं होतं. त्या आहेत.

सर उठून माझ्या हातातला माइक घ्यायला आले. मी सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या हाती काहीतरी दिलं नाही.

आई दुसऱ्या रांगेत होती. ती माझ्याशी कालपासून बोललेली नाही. पुरस्कार स्थगित झालाय. पुस्तक बाजारातून मागे घेतलंय, नवी आवृत्ती तुझ्या नावाने, तुझ्या भाषेत काढायचं बाईंनी कबूल केलंय. सरांना रजेवर पाठवलंय. मी राजीनामा दिला, त्यांनी लगेच घेतला.

तुझं नाव आलं, आत्या. मी तिकडे येऊ का?

निमिष


मंगलागौरी
२ फेब्रुवारी २०२६

निमिष,

तुझ्या आईचा, सुमेधाचा फोन आला होता. ती रडत होती, मला निम्मंच ऐकू आलं. तू सगळं सांगितलंस हे मात्र कळलं. बरं केलंस. शाबासकी देणार नाही. ज्या माणसावर पाय दिला होतास त्याच्या अंगावरून पाय उचललास, एवढंच ते आहे.

मी अजून रागावलेली आहे. सकाळी उठले की आधी राग उठतो, मग मी. तो किती दिवस राहील ते मला माहीत नाही, आणि तो लवकर जावा म्हणून मी काहीही करणार नाही. तेव्हा इतक्यात येऊ नकोस. यायचं झालं की मी लिहीन.

मैत्रेयी बाईंनी करार पाठवला. मी वाचला, बकुळने वाचला, सही केली. मुखपृष्ठाचा नमुनाही पाठवलाय, त्यावर माझं नाव आहे. मी तो भिंतीला टेकवून ठेवलाय आणि येताजाता बघते. हमाल पुन्हा नाववाल्यांसारखे बोलतायत. आंघोळ मी काढली. लूवेल आता ओल्या कोटातच सूप खातो, जसा वालब्राला हवा होता तसा. फार जड गेलं, पण काढली.

बाईंनी एक शंका विचारलीय. माझ्या झेरॉक्समध्ये असलेलं सातव्या वहीचं शेवटचं पान कानड्यांच्या प्रतीत नव्हतं, आणि टायपिंगमध्येही आलेलं नाही. तू तिथवर पोचलाच नसशील, कारण मजकूर संपल्यावर मी चार कोरी पानं सोडली होती. ती अर्पणपत्रिका आहे. मी २०२३ च्या जूनमध्ये लिहिलेली. "निमिषला. आठव्या वर्षी त्याने ही गोष्ट माझ्या तोंडून सहा दुपारींत ऐकली, आणि खुनी तिसऱ्याच दुपारी ओळखला."

बाई विचारतायत, झाल्या प्रकारानंतर हे पान ठेवायचं की काढायचं.

मी त्यांना आजच कळवलंय, ठेवा. माझा राग गेला असं समजू नकोस. पुस्तक छापून आलं की एक प्रत तुला येईल. ती उघडशील तेव्हा आधी माझं नाव दिसेल, आणि पान उलटलंस की तुझं.

अंबिका मुळे